प्रायोगिक इम्युनोथेरपीला होकार देण्यापूर्वी काय तपासावे, काय विचारावे

जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातून एक बातमी आली आणि बघता बघता ती आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘कॅन्सरवर अखेर औषध सापडले, सगळे रुग्ण बरे’ अशा शब्दांत फिरू लागली. बातमी खोटी नव्हती. डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्याच रोगप्रतिकारयंत्रणेला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे, औषध सहा महिने, दर तीन आठवड्यांनी दिल्यानंतर गुदाशयाच्या कर्करोगाच्या बाराच्या बारा रुग्णांमधील गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली होती आणि त्यांना रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेची गरज पडली नव्हती. मात्र या सर्वांच्या गाठींमध्ये डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झालेली होती. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणांमध्येच असे आढळते, आणि फॉरवर्ड झालेल्या मजकुरातून नेमकी हीच ओळ गळाली होती. त्याच संशोधकांनी २०२५ मध्ये अशा ४९ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्या सर्वांमध्येही तोच परिणाम दिसला. म्हणजे आशा खरी होती, पण पाकिटावर असावा तसा तिच्यावर पत्ता लिहिलेला होता. तो पत्ता आपल्या घरचा आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी आणि सही करण्यापूर्वी कसे तपासावे, हे येथे मांडले आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच कर्करोगतज्ज्ञाशी बोलूनच घ्यायचा असतो. त्या बोलण्याची तयारी रुग्णाला आणि नातेवाइकांना करता यावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

आपल्याला नेमके काय सुचवले आहे?

पहिला प्रश्न अगदी साधा असला तरी तो विचारायचा बहुतेकदा राहून जातो. ‘इम्युनोथेरपी देऊ या’ या एका वाक्यात एकमेकांशी फारसा संबंध नसलेले अनेक उपचार मावतात. कर्करोगाच्या पेशी आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, लगाम घालतात. तो लगाम सैल करणारी पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब यांसारखी औषधे सलाइनवाटे दिली जातात. या तत्त्वामागील मूलभूत शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे आज अनेक कर्करोगांसाठी मान्यताप्राप्त आहेत. मात्र फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता असलेले औषध दुसऱ्याच एखाद्या कर्करोगासाठी वापरायचे ठरले, तर त्या रुग्णापुरता तो प्रयोगच ठरू शकतो.

कार-टी उपचाराची रीत निराळी आहे. त्यात रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी काढून घेतात, कर्करोगाची पेशी ओळखता यावी यासाठी त्यांच्यात नवे जनुक घालतात, त्या प्रयोगशाळेत वाढवतात आणि रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील अशा उपचारांच्या तुलनेत त्याचा खर्च बराच कमी असला, तरी तो लाखांतच जातो. शिवाय तो बी-पेशींच्या ठरावीक ल्युकेमिया आणि लिम्फोमांसाठी, म्हणजे रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांसाठी आहे, आणि तेही आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटून आलेल्या आजारात. तोंडाच्या, स्तनाच्या किंवा यकृताच्या गाठीसाठी ‘आपल्याकडेही आता कार-टी आले आहे’ असे कोणी सांगत असेल, तर तो एक तर चाचणीबद्दल बोलत आहे किंवा त्याला विषयच नीट कळलेला नाही.

याखेरीज प्रत्येक रुग्णाच्या गाठीनुसार बनवलेल्या एमआरएनए लसी आहेत, ज्यांची तपासणी अजून चालू आहे. आणि काही खासगी क्लिनिकांत ‘डेंड्रिटिक सेल’, ‘एनके सेल’ अशा रोगप्रतिकारक पेशींच्या नावांनी पॅकेज म्हणून विकले जाणारे उपचारही आहेत. त्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे बोलू. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचे पूर्ण नाव, ते कोणत्या आजारासाठी मान्य आहे आणि आपल्या रुग्णाला ते मान्यतेनुसार दिले जाणार आहे, मान्यतेबाहेर जाऊन दिले जाणार आहे की चाचणीचा भाग म्हणून, हे तीन मुद्दे कागदावर लिहून घ्यावेत. हे लिहून देताना जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढचे बोलणे जरा जपूनच करावे.

फाईल आणि ब्लॉक

रुग्णाच्या फाईलमध्ये पेट स्कॅनच्या मोठ्या पाकिटांखाली बायोप्सीचा अहवाल दबलेला असतो. इम्युनोथेरपीच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा कागद होय. त्यात कर्करोगाचा नेमका प्रकार, आणि तपासणी केली असल्यास पीडी-एल१ (टी-पेशींना लगाम घालणारे प्रथिन) आणि एमएमआर किंवा एमएसआय (डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी आहे का, हे सांगणाऱ्या तपासण्या) यांचे निष्कर्ष असतात. हे निष्कर्ष नसतील, तर ‘या रुग्णाला ही तपासणी उपयोगी ठरेल का’ असे विचारावे. त्यासाठी बहुधा नवी बायोप्सी लागत नाही. मूळ प्रयोगशाळेत मेणात जपून ठेवलेला ऊतीचा तुकडा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, तो आणि स्लाइड लेखी अर्ज करून मागता येतात. ब्लॉक कुरिअरने पाठवण्यापेक्षा शक्यतो स्वतः नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी, कारण तो हरवला तर दुसरा मिळत नाही.

दुसरे मतही याच टप्प्यावर घ्यावे. टाटा मेमोरियल ज्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचा, म्हणजे कर्करोग रुग्णालयांच्या देशव्यापी जाळ्याचा भाग आहे, त्या ग्रिडच्या ‘नव्या’ (Navya) नावाच्या सेवेमार्फत कागदपत्रे ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचे मत मिळवता येते. त्यामुळे गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या कुटुंबाला केवळ मत घेण्यासाठी परळला येऊन राहण्याची वेळ येत नाही.

आकडे कसे वाचावेत

यावर थोडा अधिक वेळ घालवणे भाग आहे, कारण फसवणूक आणि स्वतःची समजूत घालून घेणे, दोन्ही आकड्यांच्या आडून होतात.

टाटा मेमोरियलमध्ये झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी येथे उदाहरण म्हणून घेऊ. डोके आणि मानेच्या भागातील, म्हणजे आपल्याकडे प्रामुख्याने तोंडाच्या, कर्करोगाच्या ज्या रुग्णांना बरे करणे शक्य उरले नव्हते, अशा १५१ जणांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले गेले. एका गटाला स्वस्त गोळ्यांचा नेहमीचा उपचार दिला. दुसऱ्या गटाला त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचा केवळ २० मिलिग्रॅमचा डोस दिला. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगामागचा विचार कळतो. एका वर्षानंतर पहिल्या गटातील सुमारे १६ टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे ४३ टक्के रुग्ण हयात होते. ज्या देशात बहुतेकांना पूर्ण डोस परवडत नाही, तेथे हा निष्कर्ष फार मोठा आहे, असे माझे मत आहे. मात्र हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा: मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण जेवढा काळ हयात राहतात तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. म्हणजे काही थोड्यांना पुष्कळ काळ मिळाला, अनेकांना काही महिने मिळाले आणि काहींना औषधाचा उपयोगच झाला नाही. आपला रुग्ण यांपैकी कोणत्या गटात जाईल, हे आधी कोणालाही सांगता येत नाही, आणि ‘तुमच्या बाबतीत नक्की काम करेल’ हे वाक्य कोणत्याही जबाबदार डॉक्टरच्या तोंडून येत नाही.

या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट होता, म्हणूनच तिच्यावर विसंबता येते. ‘आमच्याकडे शंभरातील साठ रुग्णांना फायदा झाला’ असे कोणी म्हटले, तर लगेच दोन गोष्टी विचाराव्यात. हा फायदा कशाच्या तुलनेत झाला? आणि फायदा म्हणजे काय, गाठ लहान झाली, वाढ थांबली, आयुष्य वाढले की केवळ बरे वाटले?

टक्क्यांचे आणखी एक रूप फसवे असते. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगावर मॉडर्ना आणि मर्क यांनी तपासलेल्या एमआरएनए लसीमुळे आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटल्याचे मथळे झळकले. चाचणी १५७ रुग्णांची होती. शस्त्रक्रियेनंतर पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर लस घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के, तर फक्त पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के रुग्ण दीड वर्षानंतर आजाराविना होते. दोन्ही मांडण्या एकाच चाचणीच्या आणि दोन्ही खऱ्या आहेत. ‘शंभरातील सतरा जणांना अधिकचा लाभ’ हे ऐकताना मन ताळ्यावर राहते. ‘४४ टक्के’ ऐकताना राहत नाही. म्हणून डॉक्टरांना नेहमी ‘शंभर रुग्णांमागे किती’ अशाच भाषेत सांगायची विनंती करावी.

आणि सुरुवातीच्या टप्प्यातील यश पुढे टिकतेच असे नाही. एपाकॅडोस्टॅट या गोळीने पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने लहान चाचण्यांत इतकी उमेद निर्माण केली होती की अनेक कंपन्या त्याच मार्गाने निघाल्या; परंतु मेलानोमाच्या ७०६ रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मोठ्या तुलनात्मक चाचणीत २०१८ मध्ये तिचा काहीच अधिकचा उपयोग दिसला नाही. पहिल्या टप्प्याचा मुख्य उद्देश सुरक्षित डोस शोधणे हा असतो. रुग्णाला त्यात लाभ होऊ शकतो, पण चाचणी त्यासाठी रचलेली नसते. पहिल्या टप्प्यात सहभागी होणे चुकीचे आहे, असा याचा अर्थ नाही. ते काय समजून केले जात आहे, एवढे रुग्णाला माहीत असले पाहिजे.

चाचणी खरी आहे का?

भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये म्हणजे सीटीआरआयमध्ये करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांकात ‘सीटीआरआय’ या अक्षरांपुढे वर्ष, महिना आणि सहा आकडे असतात. तो क्रमांक मागून घ्यावा आणि संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहावा. चाचणी कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, कोणत्या रुग्णांना घेतात आणि कोणाला वगळतात, एथिक्स कमिटीची आणि औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे का, नवे रुग्ण घेणे सुरू आहे का, हे सर्व तेथे दिसते. येथे एक खबरदारी घ्यावी: नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. ‘आमची थेरपी सरकारी रजिस्ट्रीत आहे’ असे सांगून विक्री करणारे असतात, म्हणून मंजुरीचा रकाना वेगळा वाचावा.

चाचण्यांना ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९’ लागू आहेत. चाचणीमुळे सहभागी रुग्णाला इजा झाल्यास मोफत उपचार आणि नियमांनुसार भरपाई देण्याची तरतूद त्यांत आहे. रुग्णाला समजेल अशा भाषेतील माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मिळणे हा त्याचा हक्क आहे. मराठी प्रत मागताना संकोच करू नये. कोणत्याही क्षणी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते आणि त्यामुळे रुग्णालयातील नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव असे रकाने असतात. ते पाहून अनेक घरांत घबराट पसरते. ‘हे काय, मृत्युपत्र आहे का?’ असा प्रश्न निघतो. ते रकाने भरपाईचा हिशेब करता यावा आणि ती कोणाला द्यायची हे ठरावे यासाठी कायद्याने ठेवायला लावलेले आहेत, आणि ते असणे हे उलट चाचणी नियमानुसार चालल्याचे लक्षण आहे. कागद घरी न्यावेत, रात्री सर्वांसमोर मोठ्याने वाचावेत, न समजलेल्या ओळींवर खूण करावी आणि दुसऱ्या भेटीत त्याच ओळी विचाराव्यात. ‘आजच सही करा, जागा संपत आल्या आहेत’ हा आग्रह खऱ्या चाचणीत सहसा नसतो.

पैसे मागणारा प्रयोग

खरा प्रयोग रुग्णाकडून प्रायोगिक औषधाचे पैसे घेत नाही. एखादे क्लिनिक उपचार ‘अत्याधुनिक, संशोधनाधारित’ असल्याचे सांगत असेल आणि त्याच वेळी काही लाखांची आगाऊ रक्कम मागत असेल, तर तो उपचार एक तर मान्यताप्राप्त असला पाहिजे किंवा त्याच्या हेतूविषयी शंका घेतली पाहिजे.

चीनमध्ये २०१६ मध्ये या प्रश्नावर मोठा क्षोभ उसळला. सार्कोमा हा दुर्मीळ कर्करोग झालेल्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने बायडू या शोधयंत्रावर ठळकपणे दिसलेल्या रुग्णालयात पेशी-आधारित इम्युनोथेरपी घेतली. कुटुंबाने दोन लाखांहून अधिक युआन उभे केले. उपचाराचा उपयोग झाला नाही आणि तो मुलगा गेला. शोधयंत्रात ते रुग्णालय वर दिसण्यामागे पैसे देऊन केलेली जाहिरात होती, आणि परदेशी विद्यापीठाचे नाव वापरून विकला गेलेला तो उपचार इतरत्र केव्हाच मागे पडलेला होता. त्यानंतर तेथील सरकारला अशा उपचारांना लगाम घालावा लागला. आपल्याकडेही मोबाइलवर आजाराचे नाव टाकले की सर्वांत वर येते ती बहुधा जाहिरातच असते.

डेंड्रिटिक पेशींची कल्पना मुळात पोकळ नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच धर्तीचा सिप्युल्युसेल-टी हा उपचार प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाला. त्याने मध्यम आयुर्मान सुमारे चार महिन्यांनी वाढले. मोठ्या चाचणीतून गेलेल्या उपचाराचा लाभ एवढा असेल, तर कोणतीही तुलनात्मक चाचणी न झालेल्या पॅकेजकडून ‘कोणताही कर्करोग, कोणताही टप्पा, दुष्परिणाम नाहीत’ हे आश्वासन ऐकून घेताना काय मानायचे, ते ज्याने त्याने ठरवावे. ‘गाठ आधी वाढेल, मग आटेल’ हे वाक्यही सावधपणे ऐकावे. इम्युनोथेरपीत सुरुवातीला गाठ फुगल्यासारखी दिसण्याचा प्रकार खरोखर घडतो, पण तो थोड्याच रुग्णांत. बहुतेकदा वाढलेली गाठ म्हणजे वाढलेला आजारच असतो, आणि या वाक्याच्या आधारे पुढचे हप्ते वसूल करता येतात.

विमा पॉलिसीतही हाच फरक आडवा येतो. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडी इम्युनोथेरपीचा समावेश विमा नियामकाने आधुनिक उपचारांच्या यादीत केला आहे, जरी पॉलिसीत त्यावर उपमर्यादा असू शकते. सिद्ध न झालेले उपचार मात्र पॉलिसीतील वगळणुकीच्या सोळाव्या संकेतानुसार (एक्सक्लूजन कोड १६) नाकारले जाऊ शकतात. पूर्वमंजुरी लेखी मिळाल्याशिवाय दागिन्यांना किंवा शेतीला हात लावू नये.

शरीराची तयारी आणि धोक्याच्या खुणा

लगाम काढलेली रोगप्रतिकारयंत्रणा कर्करोगावर जाते, तशी ती निरोगी अवयवांवरही जाऊ शकते. म्हणून संधिवात, सोरायसिस, थायरॉइड यांसारखे स्वप्रतिकारक आजार, प्रत्यारोपित मूत्रपिंड, पूर्वी झालेला क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांची माहिती न विचारताही द्यावी. घरी चालू असलेले काढेही सांगावेत. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून घेतली जाणारी गुळवेल येथे निरुपद्रवी समजू नये: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला स्वप्रतिकारक स्वरूपाची इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. इम्युनोथेरपी चालू असताना यकृत बिघडले आणि रुग्ण काढाही घेत असेल, तर दोष कशाचा हे ओळखता येत नाही आणि चालू असलेले उपयोगी औषध थांबवावे लागू शकते.

लगाम सैल करणाऱ्या औषधांत वारंवार जुलाब, नवा खोकला किंवा धाप, कावीळ, छातीत दुखणे, फार थकवा, अचानक वाढलेली तहान आणि लघवी या खुणा दिसल्यास त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना फोन करावा. जुलाब थांबवायची गोळी घरच्या घरी देऊन दोन दिवस वाट पाहणे धोक्याचे ठरते, कारण आतड्याची ही सूज संसर्गाची नसते आणि तिला बहुधा स्टेरॉइड लागते.

कार-टीत पहिले काही आठवडे रुग्णालयात किंवा त्याच्या जवळ राहावे लागते. ताप, रक्तदाब कमी होणे, श्वास लागणे ही प्रतिकारयंत्रणेच्या वादळाची लक्षणे असू शकतात. अशा वादळाची तीव्रता जगाला मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये दिसली: टीजीएन१४१२ हे औषध काही मिनिटांच्या अंतराने टोचलेले सहा निरोगी स्वयंसेवक काही तासांतच अतिदक्षता विभागात गेले, जरी प्राण्यांवरील तपासणीत ते सुरक्षित वाटले होते. त्यानंतर अशा चाचण्यांचे नियम कडक झाले, आणि आज हे वादळ शमवणारी टोसिलिझुमॅबसारखी औषधे हाताशी ठेवूनच कार-टी दिले जाते.

मेंदूवरील परिणाम ओळखण्याची पद्धत मात्र साधी आहे. परिचारिका रोज रुग्णाला वर्ष, महिना, शहर आणि रुग्णालयाचे नाव विचारते, शंभरापासून दहा-दहाने मागे मोजायला लावते आणि कागदावर एक वाक्य लिहून घेते. काल सरळ रेषेत लिहिलेले ‘मी आज नाश्ता केला’ हे वाक्य आज तिरपे, अक्षर सुटलेले दिसले, तर इतर काही जाणवण्याआधीच डॉक्टरांना इशारा मिळतो. रुग्ण मराठीत लिहीत असेल, तर त्याचे नेहमीचे अक्षर कसे आहे हे पहिल्या दिवशीच नातेवाइकांनी दाखवून ठेवावे.

उपचार सुरू करतानाच तो कधी थांबवायचा, हेही ठरवून लिहून ठेवावे: कोणत्या तपासणीनंतर, गाठ किती वाढल्यास, कोणता त्रास झाल्यास. वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात घ्यावी. तेथे जाणे म्हणजे हार मानणे नव्हे, आणि प्रायोगिक औषध चालू असतानाही तो उपचार घेता येतो. दुष्परिणाम शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही उद्भवू शकतात. म्हणून औषधाचे नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि कर्करोग विभागाचा दूरध्वनी लिहिलेले कार्ड रुग्णाच्या पाकिटात असावे, आणि गावातल्या डॉक्टरकडे साध्या तापासाठी गेल्यावरही ते आधी दाखवावे.